चाळीसामागे एक

लग्नाच्या पंगतीत बसलेला माणूस आधी पानाकडे बघतो. आमचे सकपाळ गुरुजी आधी वाढपी मोजत, मग पानं मोजत आणि शेजारच्याला कोपर मारून म्हणत, "तीस पानांमागे एक वाढपी. भात मिळेल, पण वरण येईपर्यंत तो गार होणार. वरणावर जीव टाकू नका." पोलादपूरच्या एका लग्नात हे वाक्य त्यांनी मुलीच्या बापाला ऐकू जाईल अशा बेताने टाकलं. तो बिचारा इतका गोंधळला की समोर दिसतील त्या चार माणसांच्या हातात त्याने वरणाच्या बादल्या दिल्या, आणि त्यातले दोघे नवऱ्या मुलाचे सख्खे मामा निघाले. वरपक्ष रुसला. मानपानाची बोलणी उन्हं कलेपर्यंत चालली. गुरुजी मात्र दोनदा वरण मागून घेऊन समाधानाने म्हणाले, "आता पंधरामागे एक झाला. आता कशी पंगत वाटते."

"कितीमागे एक?" हा त्यांचा सगळ्या जगाला विचारायचा प्रश्न होता. एस्टीत चढले की कंडक्टरला विचारत. दवाखान्यात गेले की कंपाउंडरला विचारत. जत्रेत गुरवाला त्यांनी विचारलं होतं, "सात वाड्यांना मिळून हा एकच देव ना? मग आमच्याकडे त्याचं लक्ष नाय, यात त्या बिचाऱ्याची काय चूक?" गुरव चिडला. गुरुजींनी देवाला हात जोडले आणि म्हणाले, "तुझीपण एकशिक्षकीच हाय रे बाबा."

या चेष्टेच्या मुळाशी एक लांबलचक दुखणं होतं. आंबेनळी घाटाच्या रस्त्याखाली, डोंगराच्या कुशीत जांभूळकोंड नावाची आमची वाडी. तिथल्या शाळेत गुरुजींनी एकट्याने एकोणीस वर्षं चार वर्ग शिकवले. एक खोली, पन्नासावर पोरं, आणि पहिलीपासून चौथीपर्यंत सगळं एकाच गळ्यातून. त्यांनी चारी वर्गांची तोंडं चार भिंतींकडे करून बसवली होती आणि स्वतः मधोमध उभे राहून ते घाण्याच्या बैलासारखे फिरत. तास बदलायला घंटा नव्हती. गुरुजी तपकीर ओढत, आणि शिंक आली की चौथीची गणितं थांबून दुसरीचं वाचन सुरू होई. एकदा त्यांना आठवडाभर सर्दी झाली होती. तेव्हा कुठल्याच वर्गाला काही शिकता आलं नाही, असं जुनी पोरं सांगत.

मी महाडची. फायनल पास होऊन, ट्रेनिंग घेऊन, पहिल्या नेमणुकीचा कागद हातात धरून जांभूळकोंडला आले तेव्हा शाळेच्या पायरीवर एक ठेंगणे, काळेसावळे, टोपीखालून पांढरे केस डोकावणारे गृहस्थ बसले होते. कानामागे खडू. मी नमस्कार करून म्हटलं, "मला आपल्या हाताखाली नेमलंय."

"हाताखाली नाही, बाई. जोडीला," ते उठून म्हणाले. मग आत वळून पोरांना ओरडले, "ए, उठा सगळी! नीट बघून घ्या. ही बाई आकाशातून नाय पडली. कलम तीनमधून आली हाय." पोरांनी हात जोडून एका सुरात नमस्ते म्हटलं. कलम तीन हे एखादं गाव असावं, असं पहिलीतल्या पोरांना पुढे वर्षभर वाटत होतं. मला तिथली भाकरी कशी असते, असंही एकाने विचारलं.

दुसरी गोष्ट त्यांनी मला सांगितली ती पाण्याची. शाळेमागे कातळातून एक झरा येई. गुरुजींनी तांब्या भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आधी हे प्या. इथलं पाणी म्हणजे औषध. मी इथे आलो तेव्हा मला संधिवात होता, पित्त होतं आणि इंग्रजी येत होतं. तिन्ही गेली." पाण्याचं हे कौतुक मी पुढे तीन वर्षं रोज ऐकलं. पोलादपूरला बैठकीला गेले तरी ते तिथलं पाणी पीत नसत. फिरकीचा पितळी तांब्या भरून सोबत नेत आणि दुसऱ्यांना घोटघोट देऊन वर उपकार दाखवत.

आता कलम तीनबद्दल सांगायला हवं. आमच्या शिक्षक संघाने शाळा चालवणाऱ्या बोर्डाशी दोन वर्षं भांडून, बोलणी करून एक समझोता केला होता. त्यात अकरा कलमं होती आणि गुरुजी बोलणी करणाऱ्या पाच जणांपैकी एक होते. मी तेव्हा नव्हते. पण त्या बैठकीची हकीकत मी तीन जणांकडून तीन तऱ्हांनी ऐकली आहे, आणि तिन्हींत जेवढं सारखं आहे तेवढंच सांगते.

बोर्डाचे एक सभासद होते. मोठे जमीनदार, स्वभावाने वाईट नव्हते, पण शाळेत पाय ठेवून त्यांना चाळीस वर्षं झाली असावीत. ते म्हणाले, "एका मास्तराला साठ पोरं काय जड आहेत? माझा एक गुराखी शंभर गुरं राखतो." बाकीचे चार शिक्षक खाली बघू लागले. गुरुजी म्हणाले, "साहेबांचं बरोबर आहे. आपण पुढचं कलम घेऊ." सभासद खूश झाले आणि पुढचं कलम वाचायला लागले. दोन ओळी होतात न होतात तोच एका शिक्षकाने मोठ्याने सत्तावीसचा पाढा म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्याने पुस्तक काढून धडा वाचायला घेतला. तिसरा करंगळी वर करून "साहेब, एकीला जाऊ?" असं विचारत उभा राहिला, आणि चौथा, पाच फूट दहा इंचांचा, मिशावाला, "ह्याने माझी पेन्सिल घेतली" म्हणून गळा काढून रडू लागला. सभासदांनी टेबलावर हात आपटला. ते गप्प झाले नाहीत. साहेब उभे राहिले. तिसरा म्हणाला, "साहेब, आता फार घाईची लागली."

गोंधळ शांत झाल्यावर गुरुजी हात जोडून म्हणाले, "हे चारच होते साहेब. आणि सगळ्यांना नाक पुसता येतं."

सभासद आधी लाल झाले, मग हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी कलम तीन मान्य केलं: सरासरी हजेरी चाळीसच्या वर असेल तिथे दुसरा शिक्षक द्यावा. रडणारे मिशावाले गुरुजी पुढे जिथे बदलून जात तिथे त्यांची पेन्सिल सापडली का, अशी विचारणा होई.

समझोत्याची प्रत गुरुजी मेणकापडात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवत. ती नुसती ठेवायला नव्हती. कलम पाच असं होतं की शिक्षकाला शिकवण्यावाचून दुसरं काम देऊ नये, दिल्यास त्याचं प्रमाण आधी ठरवावं. एकदा कचेरीतून हुकूम आला की वाडीतल्या गुरांची गणती शिक्षकांनी करून पाठवावी. मी निमूटपणे वही काढली. गुरुजींनी ती बंद केली आणि सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं: "एका शिक्षकामागे मुले किती हे ठरले आहे. एका शिक्षकामागे गुरे किती हे समझोत्यात नमूद नाही. तरी बैल, म्हैस व रेडकू यांचे प्रमाण वेगवेगळे ठरवून कळवावे, म्हणजे त्याप्रमाणे जादा शिक्षकाची मागणी करता येईल." पुढे उत्तरही आलं नाही आणि गणतीही झाली नाही. जांभूळकोंडच्या गुरांची संख्या त्या वर्षी सरकारला कळलीच नाही, आणि त्यामुळे कुणाचं काही अडलं असंही ऐकलं नाही.

हे सगळं मजेचं होतं, पण चाळीसचा आकडा मजेचा नव्हता. तो खाली गेला की दुसरी जागा जाणार, म्हणजे मी जाणार. मी जाणार यात जगाचं काही बिघडत नव्हतं. पण मी येण्याआधी शाळेत मुली होत्या पाच. बाई आल्या म्हणताच आयांनी पोरी पाठवायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या वर्षी त्या सतरा झाल्या. मी जिच्या घरी राहत होते त्या अनशीकाकूची पारू दहा वर्षांची होती आणि तोवर शाळेचं तोंड तिने गुरं हाकतानाच पाहिलं होतं. ती दुसरीत बसून मोठ्याने वाचू लागली तेव्हा अनशीकाकू चुलीपुढून उठून आली आणि म्हणाली, "गो बाय, ही पुस्तकातलं बोलते का मनातलं?" मी म्हटलं, पुस्तकातलं. "मग वाच अजून," ती म्हणाली, आणि त्या दिवशी भाकरी करपली.

आकडा खाली जाण्याची खात्रीची वेळ म्हणजे लावणी. आषाढात वाडीतलं प्रत्येक हाताएवढं माणूस भाताच्या खाचरात असे. पोरं तरव्यातून रोपं उपटत, मुठी बांधत, आयांच्या हातात नेऊन देत. शाळेत उरत ती दोन लंगडी आणि एक गोवर झालेलं. तीन आठवडे असे गेले की वर्षाची सरासरी बुडालीच. बाकीच्या शाळांतले मास्तर अशा वेळी हजेरीपटावर डोळे मिटून 'ह' लिहीत. गुरुजींना ते पसंत नव्हतं. "खोटी हजेरी मांडली तर खरा दुसरा शिक्षक कुठल्या तोंडाने मागायचा?" ते म्हणत. त्यांनी दुसरा रस्ता काढला. शाळेला कुलूप लावलं, फळा पाठीवर बांधला, हजेरीपट मेणकापडात घेतला आणि डोक्यावर इरलं घेऊन ते खाचरात उतरले. माझ्याही डोक्यावर एक इरलं आलं. बांबूच्या कामट्या आणि पानांचं ते घर पाठीवर घेऊन मी बांधावर पहिलीचा वर्ग भरवला, आणि माझी पातळं चिखलाने अशी रंगली की ती पुढे कधी धुऊन निघाली नाहीत.

नेमके तेव्हाच दिपोटी आले. शाळा तपासणाऱ्या साहेबांना आमच्याकडे सगळे दिपोटीच म्हणत. हे नवे होते, देशावरचे, पायात बूट. शाळेला कुलूप बघून संतापाने तडतडत ते खाचराच्या बांधावर आले.

"सकपाळ मास्तर, शाळा कुठाय?"

"ही काय साहेब," गुडघाभर चिखलातून गुरुजी म्हणाले. "भरलीय."

"शाळेला कुलूप आहे!"

"इमारतीला आहे साहेब. शाळेला नाही." आणि त्यांनी खिशातून मेणकापड काढलं. "कलम चार. हजेरी शाळेच्या वेळेत, शिक्षकाने समक्ष घ्यावी. वेळ झालीय, मी समक्ष आहे. छपराचं त्यात काही नाही."

"आणि हे चाललंय काय?"

"तिसरीचा गुणाकार. बाळू, साहेबांना सांग."

बाळू वाकलेला होता तो तसाच मान वर करून म्हणाला, "बारा मुठींची एक वळ, सात वळी झाल्या, चौऱ्याऐंशी मुठी. पर चार चुलत्यानं आपल्याकडं वढल्या, म्हनून ऐंशी."

साहेबांनी स्वतः हजेरी घ्यायची ठरवली. एकेक नाव पुकारलं की खाचराच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून एक चिखलाचा हात वर येई आणि "हजर" ऐकू येई. पारूने तर दोन्ही हात वर केले. चव्वेचाळीस भरली. पंचेचाळिसावं नाव पुकारताना साहेबांचा बूट बांधावरून सटकला आणि तेही खाचरात आले. बायकांनी पदर तोंडाला लावले. गुरुजींनी हात देऊन त्यांना उभं केलं आणि अत्यंत आदराने म्हणाले, "साहेबांनापण हजर मांडू का?"

मला वाटलं, आता आमची धडगत नाही. पण चिखलात उभं राहून चिडत राहणं फार कठीण असतं. साहेबांनी झऱ्यावर पाय धुतले, औषधी पाणी प्यायलं, आणि शेरेबुकात लिहिलं: "मुले हजर. शिक्षक दोघेही हजर. इमारत गैरहजर." त्या खाचरात शिक्षण किती झालं आणि लावणी किती झाली, हे मला विचारू नका. पण सरासरी राहिली, आणि मीही राहिले.

आमचा घात केला तो कलम आठने, आणि ते गुरुजींनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. वाडीच्या पलीकडे एक पऱ्या वाहतो. उन्हाळ्यात त्यातून कोंबडी चालत जाईल, पण पावसात तो माणूस नेतो. पलीकडच्या झापावरची, म्हणजे तिथल्या झोपड्यांतली, बारा पोरं तो ओलांडून शाळेला येत. एका पावसात त्यांतलं एक पोर वाहत चाललं होतं, ते गुरुजींनी छत्रीची मूठ त्याच्या सदऱ्यात अडकवून ओढून काढलं. त्यानंतर ते बोलण्यांना बसले आणि कलम आठ घालूनच उठले: जिथे पोरांना पावसात पाणी ओलांडावं लागतं तिथे पलीकडे वेगळी शाळा द्यावी. कागदाला हलायला वेळ लागतो. माझ्या तिसऱ्या वर्षी ती मंजूर झाली.

गुरुजी नव्या नवरीच्या बापासारखे गडबडले होते. जुना फळा डोक्यावर घेऊन ते स्वतः पलीकडे पोचवून आले. परत आले तेव्हा मी पायरीवर पट घेऊन बसले होते.

"गुरुजी, बारा पोरं तिकडे गेली. आपली सरासरी छत्तीसवर आली."

"हो."

"म्हणजे दुसरी जागा जाणार. हे कलम लिहिताना ध्यानात आलं नव्हतं तुमच्या?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सगळ्या जगाला कितीमागे एक विचारणारा माणूस, पण स्वतःच्या शाळेची वजाबाकी करायची राहून गेली होती. "लिहिताना डोळ्यांपुढे पऱ्या होता, बाई. पट नव्हता. चुकलो खरा." मग टोपी परत डोक्यावर ठेवून म्हणाले, "पण परत लिहायला बसलो तर परत असाच चुकेन."

माझी जागा जादा ठरल्याची नोटीस चैत्रात आली. जूनपासून मला वरंधकडच्या एका एकशिक्षकी शाळेत जायचं होतं. त्या शाळेची ख्याती अशी की तिथे गेलेला शिक्षक पहिल्या महिन्यातच रजेचा अर्ज देई. पारूने आपली पाटी पुसून, फडक्यात बांधून फळीवर ठेवून दिली आणि गुरांचा दोर शोधायला लागली. ते बघून मला रडू आलं. मी तडक शाळेत गेले. गुरुजी करवंदं खात बसले होते.

"तुम्ही काहीच करणार नाही का? तुमचा तो समझोता दाखवा. त्यात काहीतरी असेल."

त्यांनी मेणकापड सोडून प्रत दिली. दहाव्या कलमानंतर कागद फाटलेला होता.

"अकरावं कलम कुठाय?"

"उंदरांनी खाल्लं," गुरुजी म्हणाले. "करवंदं घ्या."

मला त्यांचा इतका राग आला की मी करवंदं घेतली नाहीत आणि आठ दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. एरवी गुरांच्या गणतीवर पानभर लिहिणारा माणूस आणि पोरींची शाळा सुटत चालली असताना फळं खात बसतो, असं माझ्या मनात येई. ते मात्र त्या आठ दिवसांत मला एकट्याने चार वर्ग कसे चालवायचे ते शिकवत होते. कुठला वर्ग कुठल्या भिंतीकडे, पहिली रडायला लागली की चौथीतली कुठली पोर तिच्यापाशी बसवायची, सगळं. मी फणकाऱ्याने म्हटलं, "वरंधला उपयोगी पडेल." ते म्हणाले, "विद्या कुठेही पडते उपयोगी," आणि तपकीर ओढली. मी ते सगळं वहीत उतरवून घेई, हे त्यांना पसंत नव्हतं, पण त्यांनी तेही चालवून घेतलं.

मे महिन्यात बदलीचा हुकूम आणायला मी पोलादपूरला कचेरीत गेले. तिथले कारकून हमीदभाई महाडचे, आमच्या आळीपलीकडचे, लहानपणापासून मला ओळखणारे. त्यांनी फाईल उघडली, बंद केली, परत उघडली.

"तुझा हुकूम नाही, कुसुम. सकपाळ मास्तरांचा आहे."

"म्हणजे?"

"त्यांनीच अर्ज केलाय. कलम अकरा."

मी म्हटलं, ते उंदरांनी खाल्लं. हमीदभाई म्हणाले, "आमच्याकडचे उंदीर कमी शिकलेले आहेत," आणि त्यांनी कचेरीची प्रत पुढे केली. शिक्षक जादा ठरल्यास कनिष्ठ शिक्षकाची बदली करावी, मात्र त्याच शाळेतील दुसऱ्या शिक्षकाने प्रकृतीच्या कारणावरून स्वतः बदली मागितल्यास आधी त्या मागणीचा विचार व्हावा. खाली गुरुजींचा अर्ज होता, त्याच सुवाच्य अक्षरात. बदलीचं ठिकाण, वरंधकडची शाळा. निवृत्तीला राहिलेली मुदत, दोन वर्षं. आणि कारणाच्या रकान्यात एकच ओळ: "येथील पाणी मानवत नाही."

मी ती ओळ तीनदा वाचली. हमीदभाईंनी न विचारता पाण्याचा पेला पुढे सरकवला. मी तो घेतला नाही. कचेरीच्या पायरीवर बसून मी लहान पोरीसारखी रडले, आणि रडताना मध्येच मला हसू येत होतं.

वाडीत परतल्यावर मी त्यांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी नवीन उंदीर काढले असते. पुढे वर्षभराने आमची सरासरी पुन्हा चाळीसच्या वर गेली तेव्हा मी जागेच्या मागणीबरोबर त्यांच्यासाठी अर्ज लिहिला होता: "श्री. सकपाळ यांना येथील पाणी मानवते, तरी त्यांस परत पाठवावे." हमीदभाईंनी तो मोठ्या हौसेने पुढे पाठवला. पण गुरुजींनी वरंधची शाळा सोडायला नकार दिला. तिथे पंचावन्न पोरं होती आणि दुसऱ्या शिक्षकासाठी त्यांचं भांडण ऐन रंगात आलं होतं. मग ते तिथूनच निवृत्त होऊन आपल्या गावी गेले आणि आमची गाठ परत पडली नाही. म्हणून मला ते दिसतात ते त्या जूनमधल्या सकाळचेच.

घाटरस्त्याच्या वळणावर, महाबळेश्वरहून उतरणाऱ्या एस्टीसाठी आम्ही उभे होतो. सगळी शाळा सोबत चढून आली होती. गुरुजींच्या पायाशी पत्र्याची ट्रंक, वळकटी, आणि हातात फिरकीचा पितळी तांब्या. तांब्या जड दिसत होता. मी त्याच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "गुरुजी, इथलं पाणी मानवत नाही ना तुम्हाला?"

त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही. "अजिबात नाही मानवत. म्हणून तर सोबत घेऊन चाललोय. तेवढंच इथल्या पोरांना कमी बाधेल."

"आणि उंदीर?"

"ते इथेच ठेवून जातोय. जपा त्यांना."

गाडी आली. त्यांनी ट्रंक टपावर चढवली, आत शिरताशिरता कंडक्टरला काहीतरी विचारलं आणि कंडक्टरने कपाळाला हात लावला. मग ते खिडकीशी बसले आणि बोट बाहेर काढून पोरांची डोकी मोजू लागले. पारूवर बोट आलं तेव्हा तिने दोन्ही हात वर केले. गाडी हलली तरी बोट चालूच होतं.

"छत्तीस!" ते खिडकीतून ओरडले. "बाई, एकेचाळीसला पाच कमी! रानात गुरांमागे आहेत, मला ठावं हाय. शोधून आणा!"

मी हो म्हणाले. ते त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. गाडी वळणावर गेली तेव्हा खिडकीत त्यांनी तांब्याची फिरकी उघडली, टोपी मागे सारली, आणि दोन्ही डोळे मिटून, औषध घ्यावं तसा एक घोट घेतला.